मार्सेल मोईझ : शेजारच्या स्वराची साधना

बासरी म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे वेळूची बासरी उभी राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. पन्नालाल घोष यांनी तिला मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले, हरिप्रसाद चौरसिया यांनी ती जगभर नेली. आणि दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने (१९६२–६५) स्थानिक संस्कृतीला उपासनेचे दार उघडून दिल्यावर आपल्या चर्चमधल्या मराठी गीतांच्या साथीलाही तिचा सूर ऐकू येऊ लागला. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र निराळी बासरी आहे : धातूची, चाव्यांची, पाश्चात्त्य वाद्यवृंदातली. तिचे एक वादक आणि शिक्षक, फ्रान्सचे मार्सेल मोईझ (१८८९–१९८४), यांच्या कारकिर्दीचा विचार येथे करावयाचा आहे.

आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने परदेशाहून आणलेल्या त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या तबकड्या आम्ही यंदाच्या पावसाळ्यात पुन्हा पुन्हा ऐकल्या. त्यांच्या पुस्तकांपैकी दोन आमच्या अल्पशा संगीतज्ञानाच्या बेताने समजावून घेतली. त्यातून आमचे जे मत झाले ते असे : मोईझ हे थोर वादक खरेच, परंतु त्यांचे आयुष्याचे काम शिकवण्याचे होते; आणि शिकवण्यातही त्यांचे उत्तरायुष्यातले पुस्तक आधीच्या पुस्तकाहून श्रेष्ठ आहे, जरी जगाने आधीचेच डोक्यावर घेतले असले तरी. या मताशी सारे जाणकार सहमत होतील असा आमचा दावा नाही.

त्यांचा जन्म १७ मे १८८९ रोजी फ्रान्सच्या जुरा प्रांतातील सेंत-आमूर या लहानशा गावी झाला. जन्म विवाहबाह्य होता आणि आई लवकरच वारली; मूल दुसऱ्या घरी वाढले. अशा बालकांची बाप्तिस्म्याची नोंद करताना आमच्या जुन्या वह्यांतून जो एक शब्द लिहिला जाई, तो आज वाचताना आमची मान खाली जाते. मोईझ यांच्या वाद्यातील हळवेपणाचे मूळ या अनाथपणात शोधण्याचा मोह चरित्रकारांना होतो. आम्ही तो टाळतो. अनाथ मुले जगात पुष्कळ असतात आणि त्यांतील फार थोडी बासरी वाजवतात. त्या मुलाला माया लावणारी माणसे मिळाली, आणि संगीत जाणणारा एक आप्त त्याला पॅरिसला घेऊन गेला, एवढे पुरे. तेथील कॉन्झर्वातुआर या सरकारी संगीतशाळेत १९०६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने बासरीचे पहिले पारितोषिक मिळवले.

या संगीतशाळेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. १८९३ पासून पॉल ताफानेल (१८४४–१९०८) हे तेथे बासरीचे प्राध्यापक होते, आणि ‘फ्रेंच बासरी’ म्हणून जी परंपरा पुढे जगाने मानली तिचा पाया त्यांनी घातला. त्यांच्यापूर्वी बासरीवादन म्हणजे बहुधा बोटांची कसरत समजली जाई : लोकप्रिय धुनीवर वेगवान नक्षीकाम करावे आणि टाळ्या घ्याव्यात. ताफानेल यांनी बाख आणि मोझार्ट पुन्हा पुढे आणले व सुराच्या गुणाकडे लक्ष वळवले. मोईझ हे ताफानेल, आदोल्फ एनबें आणि फिलिप गोबेर या तिघांचेही शिष्य.

आता वाद्याविषयी, कारण ते समजल्याशिवाय पुढील विवेचनास अर्थ राहणार नाही. म्युनिकचे थिओबाल्ड बोम हे सोनारकाम जाणणारे बासरीवादक होते. त्यांनी १८३२ साली चाव्यांची नवी रचना केली आणि १८४७ मध्ये सरळ नळीच्या धातूच्या बासरीचे रूप निश्चित केले. आजची पाश्चात्त्य बासरी ती हीच. तिच्यात बारा अर्धस्वरांपैकी प्रत्येकासाठी स्वतंत्र छिद्र आहे आणि ती छिद्रे चाव्यांच्या झाकणांनी मिटतात. वेळूच्या बासरीवर बोट छिद्रावरून हळूहळू सरकवून वादक मींड घेतो. एका स्वरातून दुसऱ्यात जाताना मधली सारी वाट ऐकणाऱ्याला चालवत नेतो. बोमच्या बासरीत झाकण एकतर उघडे असते नाहीतर बंद. दोन स्वरांच्या मधली वाट तिथे जवळजवळ नाहीच, पायरी आहे. ती पायरी ऐकू येऊ नये, स्वर तुटला असे वाटू नये, याची सारी जबाबदारी वादकाच्या ओठांवर आणि श्वासावर येते. तिची धाकटी बहीण पिकोलो. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थच ‘लहान’ असा आहे. लांबीने निम्मी आणि स्वराने एक सप्तक वर असलेली ही बासरी वाद्यवृंदात बहुधा बासरीच्याच ताफ्यातील एक वादक सांभाळतो. बीथोव्हनने पाचव्या सिंफनीच्या (१८०८) शेवटच्या भागात तिला आणले तेव्हापासून तिचे स्थान पक्के झाले. तिच्यात चूक झाकता येत नाही. साऱ्या वाद्यवृंदाच्या डोक्यावरून ती ऐकू येते. बासरीवादकाची उपजीविका ही अशी : बहुतांश वेळ गर्दीत बसून आपली पाळी येईपर्यंत मोजत राहावयाचे, आणि पाळी आली की चार ओळींत एकटे पडावयाचे.

मोईझ यांची ही गर्दी म्हणजे पॅरिसच्या ऑपेरा-कोमिक या नाट्यगृहाचा वाद्यवृंद. १९१३ ते १९३८ अशी सुमारे पंचवीस वर्षे ते तेथे प्रमुख बासरीवादक होते. रंगमंचापुढच्या खोलगट जागेत वादक बसतात. प्रेक्षकांना त्यांची डोकीही नीट दिसत नाहीत. बिझे यांचे ‘कार्मेन’ याच नाट्यगृहात १८७५ साली प्रथम सादर झाले. त्याच्या तिसऱ्या अंकापूर्वी हार्पच्या साथीने बासरीची एक शांत धून येते, ती मोईझ यांनी किती रात्री वाजवली असेल याची मोजदाद अवघड आहे. देलीब यांचे ‘लाकमे’ही (१८८३) याच रंगमंचाचे. त्यात इंग्रजी अमलाखालील हिंदुस्थानातील एका ब्राह्मणकन्येची कथा आहे आणि तिचा हिंदुस्थान पाहून आपल्याला हसू आवरत नाही. पण तेथील वादकांना ती भाकरी होती.

या खोलगट जागेला आम्ही मोईझ यांची सेमिनरी म्हणू. तिथे बसून त्यांनी त्या काळचे श्रेष्ठ गायक वर्षानुवर्षे ऐकले. १९१३ साली सुप्रसिद्ध गायिका नेली मेल्बा यांच्या अमेरिका दौऱ्यातही ते होते. गायिकेच्या आवाजाशी बासरीने संवाद करावा अशी काही गीते ऑपेरात आहेत, आणि तिथे बासरीवाल्याला स्वतःचे कौशल्य दाखवून चालत नाही. समोरच्या कंठाचा रंग ओळखून आपला रंग त्याला मिळता ठेवावा लागतो. गायक कोठे श्वास घेतो, कोणत्या शब्दावर आवाज काळवंडतो, दुःखाच्या ओळीत तोच स्वर आनंदाच्या ओळीतल्यापेक्षा निराळा कसा लागतो, हे सारे मोईझ यांनी ऐकून साठवले. त्याचा उपयोग पुढे जवळजवळ अर्ध्या शतकाने झाला.

त्यांच्या ध्वनिमुद्रणांपैकी आम्हांला सर्वांत प्रिय वाटले ते मोझार्टचे बासरी आणि हार्पसाठीचे कॉन्चेर्तो, लिली लास्कीन यांच्यासह १९३१ साली मुद्रित झालेले. मोझार्टने ही रचना १७७८ मध्ये पॅरिसमधील एका सरदारासाठी केली. सरदार बासरी वाजवी, त्याची कन्या हार्प. मोझार्ट त्या कन्येला रचनाशास्त्र शिकवीत होता आणि त्या शिकवणीने पार वैतागला होता, मोबदलाही त्याला नीट मिळाला नाही. रचनेत मात्र त्या वैतागाचा मागमूस नाही. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांचेच संगीत मावे, त्यामुळे मूळ तबकड्यांवर मधला संथ भाग तुकड्यातुकड्यांत होता. खरखर आहे, हार्पचे खालचे स्वर विरून जातात. तरीही मोईझ यांचा सूर त्या खरखरीतून सरळ आपल्यापर्यंत येतो. तो मोठा नाही. त्याला झळाळी आहे ती आतून उजळल्यासारखी, आणि त्यातील कंप बारीक व जलद आहे, एखाद्या जिवंत गोष्टीच्या नाडीसारखा. ज्या वाद्यातून हा सूर निघाला ते सोन्याचे नव्हते की शुद्ध चांदीचेही; फ्रान्समधील कूएनों या कारखान्याची, आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो त्या स्वस्त धातूची बासरी ते वाजवीत. ज्या पालकांना मुलाच्या प्रगतीसाठी आधी महाग वाद्य घ्यावे असे वाटते त्यांनी हे ध्यानी ठेवावे.

आदोल्फ बुश यांच्या वाद्यसमूहाबरोबरची बाखची ध्वनिमुद्रणेही (१९३५–३६) उत्तम आहेत. बुश हे जर्मन व्हायोलिनवादक. स्वतः ज्यू नसूनही हिटलरच्या राजवटीत जर्मनीत वाजवण्यास त्यांनी १९३३ पासून नकार दिला. बाखच्या दुसऱ्या सुईटमध्ये बासरी बराच काळ व्हायोलिनांच्याच ओळीतून चालते आणि मध्येच एकटी बाहेर पडते. मोईझ बाहेर पडतात तेव्हा आवाज चढवीत नाहीत, नुसता उच्चार स्पष्ट करतात. उलट जेनें यांच्या ‘व्हेनिसच्या कार्निव्हल’वरील तानांचे जे ध्वनिमुद्रण आहे ते आम्ही एकदाच ऐकले. बोटे विलक्षण चालतात, आणि त्यापलीकडे तेथे काही नाही. ताफानेल यांनी जे दारातून बाहेर घालवले तेच शिष्याने खिडकीतून आत घेतले असे वाटते. मोईझ यांच्या चाहत्यांना हे कठोर वाटेल. पण थोर माणसाची प्रत्येक गोष्ट थोर मानण्याची आपली सवय संतचरित्रांपुरती तरी ठेवावी. तेथेही ती फारशी हिताची नाही.

आजच्या कानांना त्यांचा मोझार्ट काहीसा भावविवश वाटेल हेही खरे. गेल्या पन्नास वर्षांत जुन्या काळच्या लाकडी बासऱ्यांवर, त्या काळच्या रीतीने वाजवण्याचा अभ्यास झाला आहे आणि त्या मोजपट्टीने मोईझ यांचा सततचा कंप चुकीचा ठरतो. आम्ही ती मोजपट्टी नाकारीत नाही. मात्र ती लावून झाल्यावरही तबकडी पुन्हा लावावीशी वाटते.

१९३२ पासून मोईझ कॉन्झर्वातुआरमध्ये प्राध्यापक झाले, ज्या खुर्चीवर ताफानेल आणि गोबेर बसले होते तिच्यावर. १९३४ हे वर्ष त्यांच्या कारकिर्दीत विशेष महत्त्वाचे. त्या वर्षी फेब्रुवारीत जाक इबेर यांनी त्यांना अर्पण केलेले बासरीचे कॉन्चेर्तो त्यांनी प्रथम सादर केले. वाद्यवृंदाचे संचालन गुरू गोबेर यांचे. अत्यंत अवघड, चमकदार अशी ही रचना, आणि वादकाच्या कीर्तीचे ते शिखर होते. त्याच वर्षी त्यांचे ‘द ला सोनोरिते’ हे पुस्तक निघाले. नावाचा अर्थ साधारणपणे ‘सुराच्या गुणाविषयी’ असा. ज्या माणसाला त्या घडीला युरोपात वेगाने वाजवण्यात फार थोडे प्रतिस्पर्धी होते, त्याने पुस्तकाचा आरंभ केला तो दोन स्वरांनी.

पहिला अभ्यास असा. बासरीवर विनासायास, गोड निघणारा स्वर म्हणजे ‘सी’, इंग्रजी पद्धतीत ज्याला ‘बी’ म्हणतात तो. तो लांबवर धरावा. तो समाधानकारक लागला की एकच अर्धस्वर खाली, ‘सी बेमोल’वर यावे. (गोव्याच्या धर्मग्रामशाळांत मेस्त्रे मुलांना हीच नावे शिकवीत, म्हणून जुन्या वाचकांना ती परकी वाटू नयेत.) दुसरा स्वर पहिल्याइतकाच भरदार, तितकाच उजळ हवा, पायरी ऐकू येता कामा नये. तो साधला की तो नवा आधार, आणि तेथून आणखी एक अर्धस्वर खाली. असे करीत, प्रत्येक वेळी नुकताच जिंकलेला स्वर पुढच्याला हात देतो. वाद्याचे तळाचे स्वर मुळात दुबळे, पण अशा रीतीने वरच्या स्वराचा गुण घसरू न देता तळापर्यंत नेता येतो. या अभ्यासात काही गुपित नाही. धीर मात्र लागतो, आणि स्वतःला फसवणार नाही असा कान लागतो.

हे पुस्तक जगभर पसरले. बासरी शिकणाऱ्या गंभीर विद्यार्थ्याच्या टेबलावर ते आजही असते. आणि येथेच आमची शंका आहे. मोईझ यांनी ज्या अभ्यासाला ऐकण्याची शिस्त म्हणून लिहिले, तो असंख्य ठिकाणी सकाळची नुसती हजेरी झाला. घड्याळ लावून लांब स्वर फुंकावेत, मन इतरत्र असावे. रोझरीचे मणी बोटांतून सरकत असताना ओठ चालतात आणि चित्त दुसऱ्या दिवशीच्या बाजारात असते, हा अनुभव आम्हां धर्मगुरूंनाही नवा नाही. दोष रोझरीचा नसतो. तरीही पुस्तक लिहिणाऱ्याने काही जबाबदारी घ्यावी लागते. ‘द ला सोनोरिते’मध्ये सूर आहे, तो कोणासाठी, काय सांगण्यासाठी, हे विद्यार्थ्याने आपले आपण शोधायचे.

१९४० साली जर्मन सैन्य पॅरिसकडे येऊ लागले तेव्हा मोईझ शहर सोडून सेंत-आमूरला गेले. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ते कॉन्झर्वातुआरला परतले, तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी नव्हती. गास्तों क्रुनेल तेथे शिकवीत होते आणि त्यांच्या हाताखालून झाँ-पिएर रामपाल (१९२२–२०००) यांच्यासारखा वादक, जो पुढे बासरीचा सर्वांत गाजलेला चेहरा ठरला, बाहेर पडला होता. मोईझ यांच्यासाठी दुसरा वर्ग काढण्यात आला. कागदावर अपमान झाला नव्हता. पण ज्याला घर समजले तेथे पाहुणा होऊन राहणे साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला जमले नाही. १९४९ साली त्यांनी देश सोडला. आधी आर्जेन्टिना, तेथे बस्तान बसले नाही, मग अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातले मार्लबरो नावाचे डोंगराळ खेडे.

हा प्रसंग वाचताना आम्हांला आमचा एक अपराध आठवला. तो सांगितल्याखेरीज पुढे लिहिणे अप्रामाणिक होईल. पूर्वी आम्ही ज्या धर्मग्रामात होतो तेथे गायकवृंदाला शिकवणारे एक वृद्ध मास्तर होते. तालमीच्या आरंभी ते पाव तास एकच स्वर धरावयास लावीत. तरुण मंडळी कंटाळत. सणाची तयारी होती, वेळ थोडा होता, आणि कोणीतरी तयार ठेक्यांचा कीबोर्ड देणगीदाखल दिला होता. आम्ही मास्तरांना म्हणालो की तालीम आता ही मुले पाहतील, आपण सणाच्या दिवशी मानाने पहिल्या बाकावर बसा. ते म्हणाले, “बरं फादर.” सणाला ते आले, पहिल्या बाकावर बसले, आणि त्यानंतर तालमीला फिरकले नाहीत. गाणे त्या दिवशी जोरात झाले. आम्ही खूश होतो.

मार्लबरोत मोईझ एकटे नव्हते. मुलगा लुई (१९१२–२००७), तोही बासरी व पियानो वाजवणारा. सून ब्लांश, व्हायोलिनवादक आणि आदोल्फ बुश यांची शिष्या. स्वतः बुश, त्यांचे बंधू हेर्मान आणि जावई रुडॉल्फ सेर्किन. या मंडळींनी १९५१ साली तेथे मार्लबरो संगीतमहोत्सव सुरू केला. त्याची कल्पना साधी होती : नामवंत कलावंत आणि तरुण वादक एकाच गटात बसून उन्हाळाभर तालीम करतील, वाजवून दाखवणे दुय्यम. पुढे मोईझ जवळच्या ब्रॅटलबरो गावी स्थायिक झाले आणि त्यांच्याकडे जगभरातून बासरीवादक येऊ लागले. स्वित्झर्लंडमधील बोसविल गावी एका जुन्या चर्चच्या वास्तूत त्यांचे उन्हाळी वर्ग भरत. बेलफास्टच्या गोदीजवळच्या वस्तीतला जेम्स गॅल्वे, लंडनचे विल्यम बेनेट (१९३६–२०२२), ट्रेव्हर वाय, अमेरिकेतील पॉला रॉबिसन ही त्यांच्याकडे शिकून गेलेल्यांपैकी काही नावे. गॅल्वे यांनी पुढे बर्लिन फिलहार्मोनिकमधील प्रमुख बासरीवादकाची जागा १९७५ मध्ये सोडून लोकप्रियतेचा रस्ता धरला, सोन्याची बासरी हाती घेतली. वाय यांनी शिकवण्याची पुस्तके लिहिली. एकाच गुरूचे शिष्य इतके भिन्न निघावेत ही गुरूच्या बाजूची साक्ष आहे. एरवी मोईझ यांच्या शिकवण्यात नक्कल पिकण्याचा धोका मोठा होता. ते कडक होते, संतापत, पाइप ओढत बसून एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवायला लावीत, आणि काही शिष्यांनी त्यांच्या सुराबरोबर त्यांचा तोराही उचलला.

१९६२ साली, त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी जे पुस्तक प्रसिद्ध केले त्याचे नाव मराठीत सांगायचे तर ‘अर्थबोधातून सुराचा विकास’. त्यात लांब स्वरांची कोष्टके नाहीत. गाणी आहेत. ऑपेरा-कोमिकच्या खोलगट जागेत आणि अन्यत्र ऐकलेल्या गीतांच्या धुनी त्यांनी बासरीसाठी निवडून मांडल्या, आणि विद्यार्थ्याला सांगितले की थोर गायक हे जसे गाईल तसे वाजव. दिसायला पुस्तक किरकोळ आहे. धुनी सोप्या आहेत, पुष्कळशा आज जुनाट वाटतात, आणि ज्याने ते गायक कधी ऐकले नाहीत त्याने काय करावे हा प्रश्न उरतोच. मूल्यमापन करणाऱ्यांनी त्याला बहुधा पहिल्या पुस्तकाची पुरवणी मानले आहे. आमच्या मते ती दुरुस्ती आहे. पहिले पुस्तक सांगते : आधी सूर घडव, मग संगीत कर. दुसरे सांगते : तुला काय म्हणायचे आहे ते कळू दे, सूर त्याच्या मागून येईल. प्रेयसीला निरोप देणाऱ्याचा ‘सी’ आणि सैनिकाच्या गर्वगीतातला ‘सी’ एकाच बोटांनी निघतात, पण ओठ आणि श्वास त्यांना एक राहू देत नाहीत. ज्याला हा फरक करायचा आहे तो तासन्‌तास लांब स्वर धरील, आणि कंटाळणार नाही.

संत ऑगस्टिन यांनी एका स्तोत्रावरील प्रवचनात शब्दांवाचूनच्या गाण्याचा विचार केला आहे. शेतात कापणी करणारे लोक गाता गाता आनंदाच्या भरात शब्द सोडून देतात आणि नुसता स्वर उरतो. जे बोलता येत नाही पण गप्पही बसवत नाही, त्याचा तो स्वर, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. बासरीपाशी शब्द मुळातच नाहीत. मोईझ यांनी शिष्यांना शब्दांच्या गाण्यांतून नेऊन मग शब्द सोडायला लावले. ऑगस्टिन यांना ही रीत ओळखीची वाटली असती असे आम्हांस वाटते. मात्र आपल्या ख्रिस्तसभेचा फुंकीच्या वाद्यांवर नेहमीच विश्वास होता असे नाही. संत पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पवित्र संगीताविषयी जे आज्ञापत्र काढले त्यात उपासनेतील गायनावर वाद्यांनी कुरघोडी करू नये असा दंडक होता, आणि फुंकवाद्ये केवळ बिशपांच्या संमतीने, मर्यादित संख्येत चालतील असे म्हटले होते. त्यामागची भीती नाट्यगृहाच्या संगीताची होती. ऑपेरातली गाणी चर्चमध्ये शिरू नयेत. आणि इकडे हा माणूस ऑपेराच्या गाण्यांनीच सुराला अर्थ शिकवीत होता. आम्ही पोप पायस यांच्याशी वाद घालू इच्छित नाही. त्यांच्या काळात इटलीच्या चर्चमधून काय वाजत असे ते त्यांनी ऐकले होते. एवढेच नोंदवतो की गायनाला वाद्याने दाबू नये ही त्यांची इच्छा, आणि वाद्याने गायनाचे शिष्यत्व पत्करावे ही मोईझ यांची शिकवण, या दोन्ही गोष्टी फारशा दूर नाहीत.

मोईझ यांच्या कामाचा एक फाटा आमच्या वाचकांना विशेष जवळचा वाटावा. हाताच्या दुखण्यामुळे ब्लांश यांना व्हायोलिन सोडावे लागले. त्यांनी ब्रॅटलबरो येथे १९५२ साली संगीतकेंद्र स्थापले आणि गावातल्या हौशी लोकांना घेऊन बाखची मोठी धार्मिक गायनकामे बसवू लागल्या. व्यावसायिक गायकांना जे कठीण ते गावकऱ्यांकडून, महिनोन्‌महिने एकेक ओळ घोटून. नव्वदी ओलांडल्यावरही त्या संचालन करीत होत्या. २०११ मध्ये, एकशेएकाव्या वर्षी वारल्या. सासऱ्याचे दोन स्वर सुनेने शेकडो गळ्यांत उतरवले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आपल्याकडे याला तोड नाही असे नव्हे. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हायोलिन वाजवीत आणि शिकवीत. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ साली एका गाण्यातून त्यांचे नाव देशाच्या तोंडी घातले. ते गाणे गुणगुणणाऱ्या किती जणांना ते एका शिक्षकाचे नाव आहे हे ठाऊक असेल? आपल्या घरांतली मुले आज व्हायोलिन, गिटार, पियानो शिकतात, विलायती संस्थांच्या श्रेणी-परीक्षा देतात आणि प्रमाणपत्रे दिवाणखान्यात लागतात, हे चांगलेच आहे. पाचवी श्रेणी झाली की दहावीचे वर्ष येते आणि वाद्य पेटीत जाते. परीक्षेसाठी तीन तुकडे बसवायचे असतात. शेजारच्या स्वरावर नीट कसे जावे हे परीक्षक विचारीत नाही, आणि शिकवणाऱ्याने त्यावर महिना घालवला तर पालक शिकवणी बदलतात. ‘वाजवता येईना म्हणून शिकवतो’ असे एखाद्या मास्तरांविषयी म्हटलेले आम्ही चर्चच्या आवारातच ऐकले आहे. पन्नाशीपर्यंत पॅरिस गाजवलेल्या माणसाने पुढची पस्तीस वर्षे दुसऱ्यांची फुंकर ऐकण्यात घालवली, हे त्या बोलणाऱ्यांना सांगावेसे वाटते.

मोईझ यांचे निधन १ नोव्हेंबर १९८४ रोजी, सकल संतांच्या सणादिवशी, ब्रॅटलबरो येथे झाले. नव्वदीनंतरही ते शिकवीत होते.

तबकड्या ऐकून झाल्यावर आम्ही त्या जुन्या धर्मग्रामात मास्तरांच्या घरी गेलो. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येते. आम्ही क्षमा मागितली. त्यांनी चहा मागवला. मोझार्टचा संथ भाग त्यांना मोठ्याने लावून ऐकवला आणि दोन स्वरांचा तो अभ्यास कागदावर लिहून दाखवला. “हे तर आम्हांला मेस्त्रे शिकवायचे,” ते म्हणाले, “फक्त वरून खाली नाही, खालून वर.” येत्या आगमनकाळापासून आमच्या सध्याच्या धर्मग्रामात शनिवारच्या तालमीला महिन्यातून एकदा यायचे त्यांनी कबूल केले आहे, त्यांना आणण्या-पोहोचवण्याची सोय युवकांनी केली आहे. पहिला पाव तास एकच स्वर. मुलांनी आत्ताच कुरकुर सुरू केली आहे.